रुमालाखालची तीन बोटं

मला दोन देशांनी मिळून फसवलं. एक आपला आणि दुसरा उत्तरेकडचा, थंड हवेचा. फसवताना त्या दोघांचे हात माझ्या हातात होते आणि वर माझाच रुमाल होता. हे आधीच लिहून टाकतो. पुढे मी माळाचं, झाडाचं, घाट्याच्या चवीचं वर्णन करायला लागलो, तर कुणाला वाटायला नको की हा माणूस मौजेसाठी हिंडायला गेला होता. मौज आली, हे खरं आहे. ते नऊ दिवस अजून माझ्या झोपेत येतात. पण फसवणूक ती फसवणूकच.

नगर

बाहत्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळातला उन्हाळा होता. योजना अशी होती की दोन्ही देशांनी मिळून आपल्यासारख्याच तिसऱ्या देशांना शिकवायचं. थंड देशाने यंत्रं आणि पैसा द्यायचा, आपण माणसं आणि अनुभव द्यायचा. कसला अनुभव, तर कोरड्या जमिनीतून प्यायचं पाणी वर आणायचा. म्हणून टांझानियातून एक माणूस शिकायला आला होता आणि त्याला आपला जिल्हा दाखवायचा होता.

यात माझा संबंध चामड्यापुरता. नगरला माझा छोटा कारखाना आहे. हापशाच्या पोटात, जमिनीखाली खोल, चामड्याची एक वाटी असते. दांडा वरखाली केला की ती वाटी नळकांड्याला घासत पाणी वर ढकलते. तिला आम्ही वायसर म्हणतो. ती फाटली की हापसा म्हणजे नुसता लोखंडाचा खांब. माझे वडील विहिरीवरच्या चामड्याच्या मोटा शिवायचे. गावोगाव इंजिनं आली, मोट गेली, वडिलांच्या हातातली आरी तशीच राहिली. मी चौथीतून उठलो, बाजारात चपला विकल्या, कातड्याच्या अडत्यांशी भांडलो, आणि पहिला हापसा बंद पडलेला पाहिला तेव्हा माझ्या डोक्यात आलं की ही तर लहानशी मोटच आहे. तेव्हापासून वायसर करतो. शाळा राहिली ती राहिलीच. पण वाचनालयाचं पुस्तक मी परत देताना ग्रंथपालाला त्यातलं सांगून दाखवू शकतो.

तर जीपमध्ये आम्ही पाच जण होतो. पुढे थंड देशाचे साहेब. इतके उंच की त्यांचे गुडघे हनुवटीला लागत. त्यांचं नाव कुणालाच नीट उच्चारता येईना, म्हणून सगळे त्यांना लांब साहेब म्हणत. त्यांच्या शेजारी इस्माईल ड्रायव्हर. मागे आपल्या सरकारचे मोघे साहेब, टांझानियाचा जुमा आणि मी. जुमा पस्तिशीचा, शांत, कोरलेल्या चेहऱ्याचा. त्याच्या गावात गुजराती दुकानदार होता, त्याच्याकडे तो हिंदी शिकलेला. त्याची हिंदी मोडकी आणि माझीही मोडकी, त्यामुळे आमचं उत्तम जमलं. त्याचं बोलणं मी इथे मराठीत देतो.

जीपच्या दारावर दोन्ही देशांचे झेंडे रंगवले होते. इस्माईलने ते पुसता पुसता मला हळूच सांगितलं, "मिस्त्री, झंडे दो हैं, स्टेपनी एक भी नहीं."

माझ्या पायाशी पत्र्याचा एक डबा होता, गोणपाटात गुंडाळलेला. मोघे साहेबांनी विचारलं, "यात काय?"

"पाणी," मी म्हटलं.

ते हसले. दुष्काळात पाणी बाळगणारा माणूस त्यांना विचित्र वाटला नाही. त्या डब्याबद्दल पुढे लिहायचंच आहे.

पारनेर

सुप्याच्या पुढे रस्ता सोडला की माळ सुरू होतो. सकाळच्या उन्हात तो माळ जमिनीवर आहे असं वाटतच नाही. काळ्या-तांबड्या दगडांच्या वर हातभर उंचीवर दुसरा एक माळ तरंगत असतो, पाण्यासारखा हलणारा. त्यात बाभळी उलट्या उभ्या दिसतात. जुमा म्हणाला, "हे माझ्याकडेही आहे. लहानपणी मी त्याच्यामागे धावायचो."

"सापडलं का कधी?"

"नाही. पण आईला सांगायचो, आज जवळ आलं होतं."

मला हे बोलणं फार आवडलं. मी सौदे करणारा माणूस. न सापडणाऱ्या वस्तूबद्दल मी आयुष्यात कुणाशी बोललो नव्हतो.

पहिल्या गावात हापसा बंद. सरकारी रबरी वायसर दोन महिन्यांत फाटला होता. रिकाम्या हंड्यांची रांग लागलेली. आम्ही पाइप काढायला लागलो तशी एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. मी थैलीतून कातडं काढलेलं तिने पाहिलं.

"आरं मिस्तरी, ह्ये कातडं आत घालतुस व्हय? आन त्येच पानी आमी देवाला न्यायचं?"

"आजी, मोटेचं पानी देवाला न्हेत हुतात का न्हाई?"

"न्हेत हुतो की."

"मग ती मोट काय पैठणीची हुती?"

रांगेतल्या बाया खो खो हसल्या. म्हातारीही हसली, आणि मग तिने विचारलं, "कोन शिवायचं ती मोट, ठावं हाय का?"

"माझा बाप," मी म्हटलं.

ती घराकडे वळली. मग आत गेली आणि आम्हा पाचही जणांना बाजरीचा घाटा घेऊन आली, ताक घालून पातळ केलेला. तिच्या गावच्या विहिरीच्या काठाला माझ्या वडिलांनी कधी हात लावला नव्हता. त्यांना तो लावू दिला गेला नव्हता. आज त्याच गावातल्या घरची वाटी माझ्या हातात होती आणि तिला काही वाटत नव्हतं. मलाच वाटत होतं. जुमाने घाटा बोटाने चाटून संपवला आणि वाटी पुन्हा पुढे केली. "हे आमचं सकाळचं खाणं," तो म्हणाला. "फक्त तुमचं थोडं रागावलेलं आहे." आंबूस म्हणायचं होतं त्याला. आंबूस या शब्दाला त्याच्याजवळ हिंदी नव्हती.

आता डब्याचं सांगतो. कातडं करंजाच्या तेलात मुरवायचं, मेण लावायचं, लाकडी साच्यात दाबून वाटी करायची, हे सगळं मी सगळ्यांसमोर केलं. लांब साहेबांनी लोखंडी मापाने वाटीची रुंदी मोजली आणि मोघे साहेबांनी ती वहीत उतरवली. पण शेवटची गोष्ट कुणी पाहत नसताना व्हायची. वाटी त्याच बोअरच्या पाण्यात सकाळपासून दुपारपर्यंत बुडवून ठेवायची. गोड पाण्यात ती थोडी फुगते, मचूळ पाण्यात जास्त. फुगल्यावर, ओली असतानाच, कड तासून शेवटचं माप करायचं. प्रत्येक गावचं माप निराळं. कोरडी मोजून बसवली तर मचूळ पाण्यात ती आतच फुगते आणि दांडा जाम होतो. त्यासाठी मी गावात शिरल्याबरोबर हंड्यांच्या तळाशी उरलेलं त्या बोअरचं वाटीभर पाणी मागून, डबा रिकामा करून त्यात ओतायचो. तासायचं काम दुपारी, मोघे साहेब जीपच्या सावलीत घोरत असताना.

हे मी का लपवलं? कारण सौद्यात शेवटची एक गोष्ट हातात राखायची असते. बैल विकतानाही जाणता माणूस बैलाची एक सवय सांगायची ठेवतो आणि व्यवहार ठरला की सांगतो. त्यात लबाडी नसते, ती रीत आहे. ज्याच्याकडे काही उरलं नाही त्याला समोरचा माणूस खुर्ची देत नाही.

आणि मला खुर्ची हवी होती. खरं सांगायचं तर मला बोट हवी होती. मुंबईहून निघणारी, समुद्रावर दहा-बारा दिवस चालणारी. वाटीची शेवटची कड मला जुमाच्या गावात, त्याच्या आईसमोर तासायची होती. पारनेरच्या त्या माळावर बसून मला तो समुद्र स्वच्छ दिसायचा. मी समुद्र कधी पाहिलेला नाही.

घोडेगाव

घोडेगावचा बैलबाजार मी लहानपणापासून पाहतो, पण त्या दिवशीचा बाजार स्वप्नातला वाटला. जनावरं होती, पण आवाज नव्हता. बरगड्या मोजता येतील असे बैल धुळीत उभे, घुंगरमाळा काढून ठेवलेल्या. विकणाऱ्याला विकायचं नाही आणि घेणाऱ्याला घ्यायचं नाही, तरी बाजार भरला होता, कारण शुक्रवार होता.

लांब साहेबांना एक गोष्ट दिसली आणि ते थबकले. दोन माणसं एकमेकांचा हात धरून उभी होती, हातांवर रुमाल टाकलेला, दोघंही वर आभाळाकडे पाहत होती.

"हे काय करतात? प्रार्थना?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. मोघे साहेब मराठीतून मला विचारायला वळले.

मी समजावलं. सौदा रुमालाखाली होतो. भाव तोंडाने बोलायचा नाही, बोटांनी सांगायचा. जितकी बोटं धरली तितका आकडा. समोरच्याला मान्य नसेल तर तो हात सोडवतो. मान्य असेल तर आपली तितकीच बोटं उलट दाबतो. एकदा दाबली की झालं. कागद नाही, साक्षीदार नाही, आणि तरीही आजवर रुमालाखालचा शब्द कुणी फिरवल्याचं मी ऐकलेलं नाही. जो फिरवेल त्याच्या हातावर पुन्हा या बाजारात कुणी रुमाल टाकत नाही.

मोघे साहेबांनी हे सगळं इंग्रजीत सांगितलं. मी मुद्दाम त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांनी सगळं सांगितलं, काहीही गाळलं नाही. 'कुणी फिरवत नाही' हे सांगताना तर त्यांनी हात उंच केला. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की साहेबांना रीत माहीत नव्हती.

मी डोक्याचा रुमाल काढला.

"साहेब, माझाही एक सौदा आहे," मी म्हटलं. "पैशाचा नाही. माझी वायसरची सगळी विद्या तुमच्या पुस्तकात घाला. मला एक पैसा नको. जुमाच्या देशात ती शिकवायला किती माणसं जाणार, तेवढं बोटांनी ठरवू."

मोघे साहेब हसत पुढे झाले. रुमालाखाली मी त्यांची तीन बोटं धरली आणि तोंडाने म्हटलं, "एक लांब साहेब, एक तुम्ही, एक मी." त्यांचा हात घामट आणि मऊ होता. क्षणभर तो तसाच राहिला. मग त्यांनी माझी तीन बोटं दाबली.

मग मी हात लांब साहेबांकडे केला. त्यांचा हात मोठा, कोरडा, लाकडासारखा. मोघे साहेबांनी त्यांना पुन्हा नीट समजावलं. त्यांनी माझी तीन बोटं दाबली, चांगली जोरात, आणि तेही शेजारच्या गिऱ्हाइकांसारखे वर आभाळाकडे पाहू लागले. आभाळात काहीच नव्हतं. एक घार होती.

बाजूला बसलेला एक हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, हे पाहत होता. तो म्हणाला, "मिस्तरी, बैल कुटं हाय?"

"बैल मीच हाय," मी म्हटलं. "आफ्रिकेला चाललोय."

"दात बगितले का तुजं त्येंनी?"

आम्ही सगळे हसलो. मोघे साहेब सगळ्यात जास्त.

पाथर्डी

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत, तुकड्यांनी आठवतात. पाथर्डीकडचा डोंगर, ऊसतोडीला गेलेल्या माणसांची कुलूप लावलेली घरं, दारापुढे वाळून उभी तुळस. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांची रांग आणि हातोड्यांचा आवाज, जो एक मैलावरून ऐकला की टाळ वाजल्यासारखा येतो. धूळ इतकी बारीक की जीप जमिनीवर चालते आहे असं वाटेना. मी डोळे मिटायचो आणि उघडायचो, तेव्हा आपण कोणत्या देशात आहोत हे कळायला मला थोडा वेळ लागायचा. तो थोडा वेळ फार सुखाचा होता.

एका वळणावर जुमा ओरडला. इस्माईलने ब्रेक दाबला. जीप थांबायच्या आत जुमा उतरून धावत सुटला होता.

टेकडीवर नाथांचं जुनं ठाणं होतं आणि त्याच्याजवळ एक गोरखचिंच. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो. हे झाड आपल्याकडचं वाटतच नाही. हत्तीच्या पायासारखं खोड, सहा-सात माणसांच्या कवेत येईल इतकं, आणि वर मुळ्या फुटल्यासारख्या फांद्या, जणू कुणी उपटून उलटं रोवलं आहे. जुमाने त्या खोडाला दोन्ही हात पसरून मिठी मारली आणि गाल टेकवला.

"म्बुयू," तो आपल्या भाषेत झाडाचं नाव घेत होता. "म्बुयू."

ठाण्यावरचा पुजारी काठी टेकत आला. "पाव्हणं, ह्ये झाड आमच्या गोरखनाथानं लावलंय."

मी जुमाला सांगितलं. जुमा म्हणाला, "त्यांना सांगा, माझ्या घरामागे अशी चाळीस आहेत. तुमचे नाथ आमच्याकडून गेले असतील."

मी भीत भीत हे मराठीत सांगितलं. पुजारी जराही रागावला नाही. त्याने झाडाकडे पाहिलं, जुमाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आसंल बाबा. नाथ काय, हिंडनारी मान्सं. पानी पितू का?"

आणि घागरीत तळाशी होतं नव्हतं ते त्याने जुमाच्या ओंजळीत ओतलं.

त्या गावात नवा बोअर झाला होता आणि हापसा बसवायचा होता. बोअर मारताना वर आलेलं पाणी लोकांनी पिंपात धरून ठेवलं होतं, त्यातलंच मी सकाळी डब्यात घेतलं. जेवायला खडी फोडणाऱ्या बायांनी मिलोची भाकरी दिली. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली ती तांबडी ज्वारी, जिला सगळा जिल्हा नावं ठेवत होता.

"डुकराचं खानं हाय ह्ये," एक बाई म्हणाली. "पाव्हन्याला द्यायला लाज वाटती बगा."

जुमाने दोन भाकरी ठेच्याबरोबर खाल्ल्या आणि तिसरी मागितली. "आमच्याकडे लग्नात हेच धान्य," तो म्हणाला. हे ऐकल्यावर त्या बाईने स्वतःच्या हातातल्या भाकरीकडे नव्याने पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "बग, आन तू कुत्र्याला घालीत हुतीस."

जेवणानंतर मोघे साहेब झोपले. लांब साहेब फोटो काढायला गेले. मी हापशामागे बसून डब्यातली वाटी काढली आणि चामडं कापायच्या रापीने ओली कड तासायला लागलो. मान वर केली तर समोर जुमा बसला होता.

"काय करता?"

"साफ करतो."

"डब्यात कुठलं पाणी आहे?"

आता सांगावं, असं मनात आलं. तोंडापर्यंत आलं. तो माझ्या हाताकडे पाहत होता, आणि त्याचा चेहरा आमच्या रांगेतल्या बायांसारखाच होता, दुरून पाणी आणणाऱ्या माणसाचा. त्याच्या गावाजवळच्या कोरड्या नदीत बाया वाळूत खड्डा करतात आणि पाणी पाझरायची वाट बघत बसतात, हे त्याने मला सांगितलं होतं. त्याची आई अजून तिथेच बसते. पण चाळीस वर्षांची सवय. सौदा ठरला आहे, पण माल अजून बोटीवर चढलेला नाही. मी म्हटलं, "तुझ्या गावात आल्यावर दाखवीन. आईसमोर."

त्याने मान हलवली. मग हापसा सुरू झाला. दांडा चार-पाच वेळा कोरडाच वाजला, आणि मग पाइपच्या आतून कुणीतरी जिना चढून येतंय असा आवाज येऊ लागला. जुमाने पाइपला कान लावला आणि मला जवळ ओढून माझाही लावला. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, गाल लोखंडाला, कपाळ कपाळाजवळ. पाणी आलं तेव्हा बाया ओरडल्या. आम्ही मात्र अजून खालचंच ऐकत होतो.

शिर्डी

शेवटचा दिवस शिर्डीला. लांब साहेबांना देऊळ पाहायचं होतं. तिथे हारांचा, धुपाचा वास आणि पेढ्यांच्या ढिगावरच्या माश्या. जुमाने देवळातून उदी घेऊन आईसाठी कागदात बांधला. लॉजवर चहा पिता पिता मोघे साहेबांनी टाइप केलेला कागद काढला आणि टांझानियाला जाणाऱ्यांची नावं वाचली. लांब साहेब. स्वतः मोघे साहेब. कागद संपला.

मी म्हटलं, "तिसरं?"

"मिस्त्री, नियमात बसत नाही हो. तज्ज्ञासाठी पदवी नाहीतर पदविका लागते. तुमचं शिक्षण चौथी. दोन्ही सरकारांनी मंजूर केलेला नमुना आहे, मी काय करणार?"

"रुमालाखाली पदवी विचारली होती का?"

"अहो, ती गंमत होती."

मी चहाची बशी भिंतीवर फेकली. हे लिहायला मला लाज वाटत नाही. लॉजचा मालक धावत आला, मी त्याला नव्या बशीचं काय ते देऊन टाकलं, आणि मग मी मोघे साहेबांना जे बोललो ते छापता येण्याजोगं नाही. लांब साहेब उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला, उघडा, सगळ्यांसमोर, आणि माझा हात धरून बराच वेळ हलवला. आभार मानत होते. मी त्यांच्या बोटांकडे पाहत राहिलो. तीच बोटं.

जुमा उठला. तो खाली जाऊन जीपमध्ये माझ्या जागेवर बसला, पायाशी तो डबा होता त्या जागी. मी उतरलो तेव्हा तो म्हणाला, "मग आता दाखवा."

आणि मी, रागाने आंधळा झालेला, म्हणालो, "तुझ्या साहेबांना विचार. त्यांच्या वहीत सगळं आहे."

एसटीने एकटाच नगरला आलो. वाटेत खिडकीबाहेर तोच तरंगणारा माळ होता, पण मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

नगर, नंतर

पुढच्या वर्षी जुमाचं पत्र आलं. इंग्रजीत होतं. माझ्या शिक्षक मेव्हण्याने वाचून दाखवलं. हापसे बसले. मोघे साहेबांच्या वहीवरून वायसरचा नकाशा काढला होता, त्यातल्या मापाने वायसर कोरडेच कापले. तिकडचं पाणी मचूळ. काही दिवसांत दांडे जाम झाले. चार-चार बाया लटकल्या, दोन दांडे मोडले. आता हापशांना शेळ्या बांधतात आणि बाया पुन्हा नदीच्या वाळूत खड्डे करतात. खाली एक ओळ होती: 'तुम्ही पाथर्डीला कड तासत होता. ते साफ करणं नव्हतं ना?'

मेव्हणा वाचून थांबला. मी त्याला म्हटलं, "कागद घे. लिही." डब्यापासून सगळं सांगितलं, कोणतं पाणी, किती वेळ, रापी कशी धरायची. हाताची चित्रं मी स्वतः काढली. त्याच दुपारी पोस्टात टाकलं. मोबदला काही मागितला नाही. मागायला तोंड नव्हतं.

दुसरं पत्र पावसाळ्यात आलं. जुमाने आपल्या गावचा वायसर ओला करून तासला. हापसा चालतो. त्याची आई आता हापशापाशी बसते. पण बाकीच्या गावांत योजनेची कचेरी परवानगी देत नाही, कारण नकाशावर दोन देशांच्या सह्या आहेत आणि त्यात वाटी भिजवायची असं कुठेही लिहिलेलं नाही. मी मोघे साहेबांना तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही. लांब साहेबांच्या वकिलातीला मेव्हण्याकडून इंग्रजीत एक लिहवलं. त्यांचं छापील कार्ड आलं, आभाराचं.

शेवटची गोष्ट मी राखून ठेवली. शिर्डीला जुमाने तोंडाने विचारलं तेव्हाही दिली नाही. त्या मोडलेल्या दोन दांड्यांना मी जबाबदार आहे. हे मी इथे माझ्या नावाने छापून देतो आहे, आणि वायसरची सगळी कृतीही वर लिहिली आहे. ज्याला पाहिजे त्याने उचलावी. माझ्याकडे आता राखलेलं काही नाही.

आता मोघे साहेब, तुम्ही उत्तर द्या. तुम्ही तिकडे तज्ज्ञ म्हणून गेलात. बाया दांड्याला लटकत होत्या तेव्हा तुम्ही कुठे उभे होता? घोडेगावच्या बाजारात माझी तीन बोटं तुम्ही दाबलीत की नाही? लांब साहेब, तुम्हीही. ती गंमत होती तर आभाळाकडे का पाहत होता? आणि तुमच्या दोघांच्या सह्यांचा तो नकाशा कोणत्या कपाटात आहे, तो कधी बाहेर काढणार, आणि त्यावर 'आधी त्याच पाण्यात भिजवा, मग कापा' एवढी एक ओळ कोण लिहिणार? मला उत्तर पाठवलं नाहीत तरी चालेल. जुमाच्या शेजारच्या गावाला पाठवा. तिथे वाळूत खड्डा करून बसलेल्या बाया आहेत. त्यांना वाट पाहता येते, म्हणून त्यांना आणखी वाट पाहायला लावू नका.